बाळंतपणाचा खर्च आणि विमा

बाळंतपणाचा खर्च कोणी सोसावयाचा, या प्रश्नाला मराठी समाजात फार दिवस एकच उत्तर होते : पहिले बाळंतपण माहेरी. डोहाळजेवण आटोपले की लेक माहेरी यावी, गावच्या सुईणीला धान्य, नारळ आणि लुगडे-चोळी मिळावी, डिंक, अळीव, खोबरे यांची बेगमी आईने आधीच करून ठेवावी आणि सव्वा महिन्यानंतर बाळंतविडा घेऊन लेकीने सासरी परतावे, असा तो रिवाज होता. या रिवाजात वात्सल्य होते, तसाच एक व्यवहारही होता. खर्चाचा भार सासरच्या एकाच घरावर पडू नये, तो दोन घरांत वाटला जावा, ही त्यातील योजना होय. एकाचा भार अनेकांनी वाटून घेणे हेच विम्याचे मूळ तत्त्व असल्यामुळे, माहेर ही एक प्रकारची विमासंस्थाच होती असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

हा व्यवहार मोडला तो बाळंतपण घराबाहेर गेल्यामुळे. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत रुग्णालयात किंवा आरोग्यकेंद्रात होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण शेकडा ३८.७ होते, २०१९-२१ च्या पाहणीत ते शेकडा ८८.६ वर गेले. माता आणि अर्भके यांच्या जिवाच्या दृष्टीने हा पालट इष्टच होता. पण सुईणीच्या पायलीभर जोंधळ्यांच्या जागी रुग्णालयाचे बिल आले, आणि ते बिल प्रसूती कशी होते यावर अवलंबून राहू लागले. त्याच पाहणीप्रमाणे देशात सिझेरियनचे प्रमाण शेकडा २१.५ होते, सरकारी संस्थांत ते १४.३, तर खाजगी रुग्णालयांत ४७.४. प्रांताप्रांतातील अंतर तर विस्मयकारक आहे. मध्य प्रदेशात शेकडा १२.१, गुजराथेत २१, महाराष्ट्रात २५.४, कर्नाटकात ३१.५, गोव्यात ३९.५ आणि तेलंगणात ६०.७! ग्वाल्हेरची आणि हैदराबादची स्त्री यांच्या शरीररचनेत काही भेद असण्याचे कारण नाही. भेद आहे तो रुग्णालयांच्या रीतीत, पैशाच्या व्यवस्थेत आणि काही अंशी गरज असतानाही शस्त्रक्रियेची सोय जवळ नसण्यात. कुटुंबाच्या दृष्टीने याचा अर्थ इतकाच, की खर्चाचा अंदाज बांधताना नैसर्गिक प्रसूतीचाच आकडा धरून चालणे शहाणपणाचे नाही.

अशा वेळी साहजिकच विम्याची आठवण होते. परंतु विमा आणि बाळंतपण यांचे नाते जरा अवघड आहे. घराला आग लागेल किंवा लागणार नाही. शंभर घरांपैकी कोणते जळेल हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून शंभर जण थोडे थोडे पैसे घालतात आणि ज्याचे घर जळेल त्याला ते मिळतात. बाळंतपणाचे तसे नाही. ते बहुधा ठरवून येते, निदान सात-आठ महिने आधी कळते. दिवस गेल्यावर विमा उतरावयाचा आणि बाळ झाल्यावर तो सोडून द्यावयाचा, अशी मुभा असती तर विमा कंपनीकडे केवळ गरोदर स्त्रियाच आल्या असत्या, आणि प्रत्येकीला तिच्या बिलाइतकाच हप्ता भरावा लागला असता. मग त्याला विमा कशाला म्हणावयाचे? म्हणूनच कंपन्यांनी दोन कुंपणे घातली. एक तर सामान्य आरोग्यविम्यातून बाळंतपण वगळले. आणि जेथे ते घेतले, तेथे प्रतीक्षाकाल लावला.

वगळण्याचे कलम नीट वाचण्यासारखे आहे. विमा नियामक प्राधिकरणाने सर्व कंपन्यांसाठी ठरवून दिलेल्या अपवादांच्या यादीत प्रसूतीचा अपवाद अठराव्या क्रमांकावर येतो. प्रसूतीचा खर्च, मग ती गुंतागुंतीची असो वा शस्त्रक्रियेची, तसेच अपघाताखेरीज अन्य कारणाने झालेला गर्भपात आणि कायदेशीर रीतीने केलेली गर्भसमाप्ती, हे सारे त्यात मोडते. मात्र गर्भ गर्भाशयाबाहेर, बहुधा नलिकेत, राहिला असेल तर तो खर्च या अपवादात येत नाही. म्हणजे प्रसूतीचे संरक्षण घेतलेले नसले तरी साध्या आरोग्यविम्यातून तो मागता येतो. ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते, आणि तशी अवस्था आली म्हणजे शस्त्रक्रिया तातडीने करावी लागत असल्यामुळे पॉलिसी वाचीत बसण्याइतकी कोणालाच उसंत नसते. वंध्यत्वावरील उपचारांचा अपवाद याच्या आधीच्याच, सतराव्या, क्रमांकावर आहे. सर्व कंपन्यांत एकसारखी मिळणारी ‘आरोग्य संजीवनी’ ही पॉलिसी २०२० साली निघाली. तिच्यातही प्रसूतीखर्चाचा समावेश नाही. ‘आमचा पाच लाखांचा विमा आहे’ एवढ्या भरवशावर निर्धास्त राहणाऱ्या जोडप्याने ही दोन कलमे एकदा डोळ्यांखालून घालणे बरे.

ज्या पॉलिसीत प्रसूतीखर्च मिळतो, तीत प्रतीक्षाकाल कोठे नऊ महिने, कोठे दोन वर्षे, तर कोठे तीन किंवा त्याहूनही अधिक असतो. हा काल पॉलिसी सुरू झाल्यापासून मोजावयाचा असतो, लग्नापासून नव्हे. नवऱ्याची पॉलिसी चार वर्षांची जुनी असली आणि लग्नानंतर बायकोचे नाव तीत घातले, तर तिचा प्रतीक्षाकाल बहुधा नाव घातल्या दिवसापासून नव्याने सुरू होतो. काही पॉलिसींत पतिपत्नी दोघांची नावे सलग असल्याखेरीज हा लाभच मिळत नाही. लग्नसराईत शालू-शेले यांच्या खरेदीबरोबर हेही काम उरकावे, असे कोणी सुचविले तर ते अरसिकपणाचे वाटेल. पण दोन-तीन वर्षांनी पाळणा हलेल तेव्हा त्या अरसिकपणाचे मोल कळेल. एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत पॉलिसी नेता येते, आणि आधी भोगलेल्या प्रतीक्षाकालाचे श्रेय नव्या कंपनीने द्यावयाचे असते. तथापि जुन्या पॉलिसीत प्रसूतीचे संरक्षणच नसेल, तर भोगलेला कालही नाही आणि श्रेयही नाही.

हिशेबाचीही गोष्ट आहे. समजा, प्रसूतीच्या संरक्षणासाठी वर्षाला आठ हजार रुपये अधिक हप्ता पडतो, प्रतीक्षाकाल तीन वर्षांचा आहे आणि प्रसूतीखर्चाची मर्यादा पन्नास हजारांची आहे. बाळ चौथ्या वर्षी झाले तर तोवर चार हप्त्यांचे बत्तीस हजार भरून झालेले असतात. मिळतात जास्तीत जास्त पन्नास हजार. म्हणजे खरे संरक्षण अठरा हजारांचे. बाकीचे आपलेच पैसे आपल्याला परत मिळतात. बाळ सहाव्या वर्षी झाले तर दोन हजार उरतात, आणि झालेच नाही तर सारेच हप्ते खर्ची पडले. या दृष्टीने पाहता, केवळ सरळ प्रसूतीच्या खर्चासाठी विमा घेणारे कुटुंब वस्तुतः बचत करीत असते, आणि ते काम पोस्टाच्या किंवा पेढीच्या आवर्ती ठेवीत अधिक स्वस्तात होते.

मग विमा घ्यावयाचा तो कशासाठी? तर जे ठरवून येत नाही त्यासाठी. बाळ सातव्या महिन्यात झाले, त्याला श्वास घेता येईना, नवजात अतिदक्षता कक्षात तीन-चार आठवडे ठेवावे लागले, तर होणारा खर्च प्रसूतीच्या खर्चाला कोठल्या कोठे मागे टाकतो; आणि हा धोका खरोखरीच अनिश्चित आहे. तेव्हा पॉलिसी निवडताना प्रसूतीखर्चाच्या मर्यादेपेक्षा बाळाच्या बाबतीतले शब्द अधिक बारकाईने वाचले पाहिजेत. नवजात बालक म्हणजे नव्वद दिवसांपर्यंतचे बालक, अशी विम्याच्या भाषेतील व्याख्या आहे. काही पॉलिसींत बाळाला पहिल्या दिवसापासून संपूर्ण विमारकमेइतके संरक्षण मिळते. काहींत त्याचा खर्च आईच्या पन्नास हजारांतच बसवावा लागतो. आणि काहींत नव्वद दिवस उलटल्यावरच बाळाचे नाव घातले जाते. मधल्या तीन महिन्यांत बाळाला काही झाले तर तो खर्च घरचा. जन्मजात व्यंगाचे काय, कावीळ होऊन दिव्याखाली ठेवावे लागले तर काय, पहिल्या लसी कोणाच्या खर्चाने, हे प्रश्न विकत्याला आधीच विचारून उत्तर लेखी मागावे. तोंडी उत्तर बहुधा गोड असते.

प्रसूतीपूर्व तपासण्यांचेही असेच. नऊ महिन्यांतील सोनोग्राफी, रक्ततपासण्या, डॉक्टरांची फी आणि गोळ्या यांचा आकडा लहान नसतो. पण रुग्णालयात दाखल झाल्याशिवाय केलेला हा खर्च पुष्कळ पॉलिसींत, विशेषतः नोकरीच्या ठिकाणच्या सामूहिक विम्यात, मिळत नाही. मिळालाच तर त्यासाठी पाच किंवा दहा हजारांची आणखी एक छोटी मर्यादा असते.

खोलीच्या भाड्याचे कलम याहून फसवे आहे, आणि त्याचे स्वरूप उदाहरणावाचून ध्यानात येत नाही. समजा, पॉलिसीत खोलीच्या भाड्याची मर्यादा दिवसाला तीन हजार रुपये आणि प्रसूतीखर्चाची मर्यादा पंचाहत्तर हजार आहे. रुग्णालयात तीन हजारांची खोली आहे, तशीच सहा हजारांचीही आहे. सिझेरियन होऊन तीन दिवस राहावे लागले. तीन हजारांच्या खोलीत भाडे नऊ हजार, डॉक्टर, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह आणि शुश्रूषा मिळून चाळीस हजार, औषधे पंधरा हजार; एकूण चौसष्ट हजार. हे सर्व मर्यादेत बसते, खिशातून काही जात नाही. आता सहा हजारांची खोली घेतली तर? घरच्या मंडळींचा हिशेब असा, की दिवसाला तीन हजारांप्रमाणे नऊ हजार अधिक लागतील, ते आपण देऊ. परंतु खोली बदलली की डॉक्टरांचे आणि शस्त्रक्रियागृहाचे दरही चढतात. चाळीस हजारांचे साठ हजार होतात. बिल येते त्र्याण्णव हजारांचे : भाडे अठरा, उपचार साठ, औषधे पंधरा. कंपनी म्हणते, तुमचा हक्क सहापैकी तीन हजारांचा, म्हणजे निम्मा. म्हणून भाड्याचे नऊ आणि उपचारांचे तीसच हजार. औषधांवर ही कपात करावयाची नाही असा नियम असल्यामुळे त्यांचे पंधरा पूर्ण मिळतात. एकूण चोपन्न हजार. पंचाहत्तर हजारांची मर्यादा शिल्लक असूनही एकोणचाळीस हजार घरातून भरावे लागतात! खोलीत एक सोफा आणि एक दूरदर्शन संच अधिक होता, एवढाच काय तो फरक. ज्या रुग्णालयात खोलीप्रमाणे उपचारांचे दर बदलत नाहीत, तेथे ही प्रमाणशीर कपात करता येत नाही, हेही नियमात आहे. म्हणून दाखल होण्यापूर्वी दरपत्रक मागून घ्यावे.

विकत घेतलेल्या विम्याची ही कथा. नोकरीतून मिळणाऱ्या विम्याची रीत निराळी असते. कंपनी आपल्या सर्व नोकरांचा एकत्र विमा उतरविते, त्यामुळे केवळ गरोदर स्त्रियाच येण्याचे भय उरत नाही, आणि पुष्कळ सामूहिक पॉलिसींत नऊ महिन्यांची अटही माफ केलेली असते. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथे कारखान्यांत आणि कार्यालयांत काम करणाऱ्या तरुण कुटुंबांचा मुख्य आधार हाच आहे. दोष एवढाच, की तो नोकरीबरोबर येतो आणि नोकरीबरोबरच जातो. सातव्या महिन्यात नवरा चांगल्या पगाराची नवी नोकरी धरतो, आणि नव्या ठिकाणी प्रसूतीखर्च मिळतो की नाही, हे विचारावयाचे राहून जाते. बहुतेक ठिकाणी हा लाभ पहिल्या दोन अपत्यांपुरताच असतो, हेही लक्षात ठेवावे.

परंतु खर्च म्हणजे केवळ रुग्णालयाचे बिल नव्हे. कामकरी स्त्रीच्या बाबतीत बुडालेला पगार हा बिलाहूनही मोठा खर्च ठरतो, आणि या प्रश्नाचा इतिहास मराठी माणसाशी निकट निगडित आहे. मध्यवर्ती कायदेमंडळात ना. म. जोशी यांनी १९२४ साली मातृत्वलाभाचे विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. मुंबई इलाख्यात मात्र १९२९ साली कायदा झाला, तो या प्रकारचा भारतातील पहिला कायदा होय. पुढच्याच वर्षी मध्य प्रांताने त्याचे अनुकरण केले. मुंबईच्या विधेयकावर १९२८ साली कौन्सिलात चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना मुख्य भार कोणावर पडावा, या प्रश्नालाच हात घातला होता. मातेच्या विश्रांतीत राष्ट्राचे हित आहे, म्हणून मोठा वाटा सरकारने उचलावा हे योग्य. पण तिच्या श्रमाचा लाभ मालकाला होत असल्यामुळे त्यालाही त्यातून मोकळे सुटता येणार नाही, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते.

हा प्रश्न शिळा झालेला नाही. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९१९ मध्येच, आपल्या तिसऱ्या करारात, असा लाभ सार्वजनिक निधीतून अथवा विम्यातून द्यावा असे म्हटले होते. कारण उघड आहे. एकट्या मालकाने सारा पगार द्यावयाचा ठरले, तर स्त्रीला कामावर घेतानाच तो हात आखडता घेईल. तो कायदा मोडणार नाही, तिला नेमणारच नाही. भारतात दोन्ही वाटा शेजारीशेजारी चालत आल्या. १९४८ च्या कायद्याने कर्मचारी राज्य विमा योजना आली आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी तिचा प्रारंभ झाला. तीत पैसे सामाईक निधीतून येतात. १९६१ च्या मातृत्वलाभ कायद्याने मात्र भार थेट मालकावर टाकला. २०१७ साली सुट्टीची मुदत बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर नेण्यात आली, ती स्त्रियांच्या दृष्टीने मोठीच प्राप्ती होती; पण मालकाच्या खिशातून जाणारी रक्कमही दुपटीहून वाढली, आणि त्यात सरकारचा किंवा विम्याचा वाटा काहीच नव्हता. दहा-पंधरा माणसांच्या छोट्या कचेरीत याचा परिणाम स्त्रियांच्या नेमणुकीवर होणार नाही असे मानणे भाबडेपणाचे आहे. हे दोन्ही कायदे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. परंतु ही दुहेरी रचना तिच्यातही तशीच राहिली आहे.

कर्मचारी राज्य विमा योजनेकडे पांढरपेशा वर्ग किंचित उपेक्षेने पाहतो. दवाखान्यांतील रांगा आणि औषधांची चणचण यांच्या तक्रारी खोट्या नाहीत. तरीही निव्वळ हिशेबाने पाहिले तर बाळंतपणाचा इतका भरघोस विमा बाजारात कोठेही मिळत नाही. दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत, महिना एकवीस हजार रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना ती लागू आहे. कामगाराच्या वेतनातून शेकडा पाऊण रुपया कापला जातो आणि मालक शेकडा सव्वातीन रुपये भरतो. पंधरा हजार पगाराच्या स्त्रीचे महिन्याला एकशे साडेबारा रुपये जातात. त्याबदली मागील दोन अंशदान कालखंडांत मिळून सत्तर दिवसांचे अंशदान भरलेले असेल, तर पहिल्या दोन अपत्यांच्या वेळी सव्वीस आठवडे पूर्ण वेतनाच्या दराने रोख लाभ मिळतो. त्यांपैकी जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. गर्भपात झाल्यास सहा आठवडे, आणि गरोदरपणातून किंवा बाळंतपणातून दुखणे उद्भवल्यास आणखी एक महिना मिळतो. उपचार वेगळे, त्यांवर पन्नास हजारांसारखी प्रसूतीची मर्यादा नाही. विमेदार पुरुषाच्या पत्नीला रोख लाभ मिळत नसला तरी उपचारांचा हक्क आहे, आणि जवळपास योजनेची सोय नसेल तर प्रसूतीखर्चापोटी ठराविक रक्कमही मिळते. बेळगावच्या ओतशाळांत किंवा गोव्याच्या औषधी कारखान्यांत काम करणाऱ्या कितीतरी जणांच्या पगारपत्रकात ही कपात दिसते. तिच्या बदल्यात काय मिळते, याची चौकशी मात्र घरात क्वचितच होते.

एकवीस हजारांहून अधिक वेतन असलेल्या स्त्रीला मालकाकडून लाभ मिळावयाचा असतो. अपेक्षित प्रसूतीपूर्वीच्या बारा महिन्यांत तिने त्याच मालकाकडे निदान ऐंशी दिवस काम केलेले असावे लागते. दोन अपत्ये हयात असतील तर पुढच्या वेळी मुदत बारा आठवड्यांची होते. मालकाने प्रसूतीपूर्व व प्रसूतीनंतरच्या शुश्रूषेची विनामूल्य सोय केली नसेल, तर साडेतीन हजारांचा वैद्यकीय बोनसही द्यावयाचा असतो; तो मागावा लागतो, कारण न मागता देणारे मालक विरळा. या रजेच्या काळात तिला कामावरून काढणे बेकायदेशीर आहे.

शेतात राबणारी, घरोघरी धुणीभांडी करणारी किंवा रस्त्याकाठी भाजी विकणारी स्त्री या दोहोंपैकी कशातच बसत नाही, आणि देशात संख्या तिचीच मोठी आहे. तिच्यासाठी सरकारी रुग्णालय हाच विमा. १ जून २०११ पासून सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे सरकारी संस्थेत प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, लागल्यास रक्त आणि घरून आणण्याची व परत पोचविण्याची सोय विनामूल्य असावयास हवी. जेवणही, साध्या प्रसूतीत तीन दिवस आणि सिझेरियननंतर सात दिवस. असे असूनही २०१९-२१ च्या पाहणीत सरकारी संस्थेतील प्रसूतीला घरातून सरासरी २,९१६ रुपये खर्च झाल्याचे आढळले. विनामूल्य आणि बिनखर्ची हे दोन शब्द एकच नव्हेत, एवढे यावरून दिसते. चिठ्ठी लिहून बाहेरचे औषध आणावयास सांगितले, रिक्षा करावी लागली, बाळ दाखविल्याबद्दल कोणी हात पुढे केला, की तीन हजार व्हावयास वेळ लागत नाही.

रोख साहाय्याच्या योजना दोन. २००५ ची जननी सुरक्षा योजना प्रांताप्रमाणे बदलते. मध्य प्रदेश हे त्या योजनेच्या वर्गवारीत मागासलेल्या राज्यांत गणले गेल्यामुळे, ग्वाल्हेर वा इंदूरजवळच्या खेड्यातील स्त्री सरकारी संस्थेत प्रसूत झाली तर तिला १,४०० रुपये आणि शहरातील स्त्रीला १,००० रुपये मिळतात. गोवा, कर्नाटक, गुजराथ, तेलंगण आणि महाराष्ट्र येथे हीच रक्कम ग्रामीण भागात ७०० आणि शहरात ६०० आहे, व तीही दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती-जमातींतील स्त्रियांपुरती. दुसरी प्रधानमंत्री मातृवंदना योजना. तीत पहिल्या अपत्याला ५,००० रुपये, आणि एप्रिल २०२२ पासून दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला ‘सहा हजारांहून कमी नाही’ इतकी रक्कम कबूल केली होती. पहिल्या अपत्याच्या मातेला त्याऐवजी पाच हजार कसे, याचे उत्तर दोन योजनांची रक्कम एकत्र मोजून दिले जाते. ते समाधानकारक नाही.

२३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि तीत प्रतीक्षाकाल नाही. मात्र प्रसूतीच्या पुष्कळ बाबी राज्याराज्यांत सरकारी रुग्णालयांपुरत्या राखून ठेवलेल्या आहेत. कार्ड हाती आहे म्हणून खाजगी रुग्णालय गाठण्यापूर्वी तेथील मदतकक्षात विचारणे अवश्य. गुजराथने या दिशेने आधीच एक वेगळा प्रयोग करून पाहिला होता. डिसेंबर २००५ मध्ये पाच जिल्ह्यांत सुरू झालेल्या चिरंजीवी योजनेत खाजगी डॉक्टरला प्रारंभी शंभर प्रसूतींमागे एक लाख एकोणऐंशी हजार पाचशे रुपये एकरकमी ठरविले होते; प्रसूती साधी असो वा शस्त्रक्रियेची, दर एकच. विनाकारण शस्त्रक्रिया करण्याचा मोह त्यामुळे उरत नव्हता, आणि कल्पना म्हणून ती उत्तमच होती. परंतु २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या योजनेमुळे रुग्णालयातील प्रसूतींत लक्षणीय वाढ झाल्याचे आढळले नाही.

राहिली ती भांडणाची बाजू. पॉलिसी हाती पडल्यापासून तीस दिवसांच्या आत ती पसंत नसल्यास परत करता येते. तेवढ्यात तिच्यासोबत येणारे ग्राहक माहितीपत्रक तरी वाचून काढावे. २०२४ च्या नियमांप्रमाणे कॅशलेस उपचारांची परवानगी कंपनीने एका तासात आणि घरी सोडतेवेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावयाची असते. त्याहून उशीर झाला आणि रुग्णालयाने त्या वेळेचे पैसे लावले, तर ते कंपनीने सोसावयाचे असतात. ओल्या बाळंतिणीला बिलाच्या खिडकीजवळच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसवून ठेवणाऱ्यांना हा नियम दाखविण्याजोगा आहे. दावा नाकारला तर पॉलिसीच्या कोणत्या कलमान्वये, हे लेखी मागावे. आधी कंपनीच्या तक्रार-अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. महिनाभरात उत्तर न आले किंवा आलेले पटले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे फी नाही आणि वकील लागत नाही. लोकपालाची कार्यालये भोपाळ, अहमदाबाद, बंगळूर, हैदराबाद, मुंबई, पुणे आदी ठिकाणी आहेत. अर्जासोबत पॉलिसीची प्रत, रुग्णालयाचे घरी सोडल्याचे पत्रक, तपशीलवार बिल आणि कंपनीचे नकारपत्र जोडावे लागते. म्हणून बाळाच्या जन्मदाखल्याबरोबर हे कागदही एकाच पिशवीत, किमान वर्षभर तरी, सांभाळून ठेवावेत.